सहाव्या दाराची वायर

१

कुसगावात पिठाच्या गिरणीला लागून यशोधराचं ऑटो-इलेक्ट्रिकचं गॅरेज आहे. पुढे दोन गाड्या जेमतेम उभ्या राहतील एवढं अंगण, मागे पत्र्याची शेड. इंजिनाची मोठी कामं ती घेत नाही. सेल्फ, अल्टरनेटर, लाइट, हॉर्न, वायपर, ही तिची दुनिया. तिची एक खोड सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत होती. गाडी चालू झाली म्हणजे काम झालं, असं ती मानायची नाही. बिघाड आला कुठून, हे कळेपर्यंत तिला चैन पडत नसे. "अगं, पेटला ना दिवा, मग दे की गाडी," असं तिचा नवरा अतुल म्हणायचा. "पेटला, पण विझला कशाने होता?" असं ती विचारायची, आणि ताटातलं जेवण गार व्हायचं.

डिसेंबरातल्या एका सकाळी, धुकं अजून रस्त्यावर लोळत असताना, पवनानगरची राजेश्वरी आपली जुनी आठ-सीटर एसयूव्ही टोचन करून घेऊन आली. पुढे कुणाचा तरी पिकअप, मागे दोरीला बांधलेली गाडी, आणि स्टिअरिंगवर राजेश्वरी, वैतागाने लाल झालेली.

"ताई, परत बॅटरी बसली," उतरता उतरता ती म्हणाली. "नवी घातली तरी तेच. संध्याकाळी झकास चालते आणि सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटक, टकटक."

राजेश्वरी आणि तिचा नवरा संदेश पवनेच्या काठाला तंबू लावून पाहुण्यांची सोय करायचे. पाहुण्यांची ने-आण करायला म्हणून दिवाळीआधी त्यांनी ही जुनी गाडी घेतली होती. पण गाडीचं खरं काम वेगळंच होतं. संदेशच्या आईची, चिमाबाईंची, मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला लोणावळ्याला न्यावं लागे. सकाळची पाळी चुकली की दुसरी मिळेपर्यंत म्हातारीच्या अंगावर सूज चढायची, धाप लागायची.

"परवा गाडी चालू झाली नाही आणि पाळी हुकली," राजेश्वरी म्हणाली. "आत्याबाई भिंतीला टेकून बसून राहिल्या. आडवं होता येईना त्यांना. मला बाकी काही नको, ताई. एसी नाही चालला तरी चालेल. सकाळी गाडी चालू झाली पाहिजे, एवढं करा."

यशोधराने बॅटरी तपासली. चांगली होती. अल्टरनेटर ती नीट भरत होता, पट्टा ताठ होता. म्हणजे गाडी बंद असताना काहीतरी बॅटरी पीत होतं. असले चोर बहुधा ओळखीचे असतात. कुठे म्युझिक सिस्टीम चुकीची जोडलेली असते, कुठे एखादा रिले चिकटून बसलेला असतो. तिने चावी काढली, दारं लावली, बॅटरीच्या तारेत मीटर घातला, आणि उतरवलेल्या काचेतून हात घालून एकेक फ्यूज उपसायला लागली. आतल्या दिव्यांचा फ्यूज निघाला तसा मीटरवरचा आकडा धपकन खाली आला.

तीन रांगांची गाडी, छताला तीन दिवे. दार उघडलं की पेटायचे, लावलं की विझायचे. प्रत्येक दाराच्या चौकटीत यासाठी एक लहानसा खटका असतो. दार लागलं की तो दाबला जातो. डिकीच्या दाराचा खटका गंजून अडकला होता. गाडीवर दव पडू नये म्हणून संदेश ताडपत्री टाकायचा, त्यामुळे आत दिवे जळताहेत हे कुणाला दिसलंच नव्हतं.

"सापडला," यशोधरा म्हणाली. नवा खटका बसवला, बॅटरी चार्ज करून दिली. राजेश्वरीने चावी फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात धडधडलं. ती हसली, तेव्हा यशोधराला कळलं की ही बाई बरेच दिवस हसली नसावी.

आठवडा उलटायच्या आत गाडी पुन्हा दोरीला बांधून आली.

२

या वेळी यशोधराने गाडी ठेवूनच घेतली. चिमाबाईंना न्यायला संदेशच्या मित्राची व्हॅन मिळाली होती. राजेश्वरी शेअर जीपने परत गेली.

गाडी शेडमध्ये लावून, सगळी दारं बंद करून यशोधरा चहा घेऊन टेबलापाशी बसली. गिरणीचा घरघराट चालू होता. कप तोंडाला लावला आणि तिचं लक्ष गेलं. गाडीतले दिवे पेटलेले होते. तिन्ही.

ती उठली तोवर विझले.

तिने प्रत्येक दाराला कमरेने धक्का देऊन पाहिलं. बाजूची चारही दारं घट्ट, डिकीही घट्ट. मग कुठेतरी वायर घासून पत्र्याला लागत असणार. जुन्या गाडीत हे नेहमीचंच. उंदीरही कुरतडतात. तिने पायाखालचा गालिचा उचलला, दारांच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढल्या, आणि वायरींचा जुडगा हातात घेऊन दिव्याखाली धरला.

चार दारं आणि डिकी मिळून पाच खटके. पाच खटक्यांच्या पाच वायरी, सगळ्या एकाच रंगाच्या, एकाच ठिकाणी येऊन मिळणाऱ्या. तिने मोजल्या. मग चष्मा पुसून पुन्हा मोजल्या.

सहा होत्या.

मागाहून कुणी जोडलेली वायर लगेच ओळखू येते. रंग वेगळा असतो, टेप चिकट झालेली असते, सांधा गबाळा असतो. ही तशी नव्हती. बाकीच्या पाचांबरोबरच ती कारखान्यातल्या कापडी टेपमध्ये गुंडाळलेली होती, तितकीच जुनी, तितकीच नीटनेटकी. गाडी बनवणाऱ्यानेच तिला जागा दिली होती.

यशोधरा तिच्या मागोमाग निघाली. वायर डाव्या बाजूने मागे गेली होती, मधल्या सीटखालून, तिसऱ्या रांगेपर्यंत. तिथे डाव्या अंगाला, खिडकीखालच्या प्लास्टिकच्या अस्तरामागे, पत्र्याला एक भोक होतं. भोकाला रबरी बूच होतं, आणि त्या बुचातून वायर आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यामधल्या पोकळीत शिरत होती. यशोधराने टॉर्च लावून, लहान आरसा धरून पोकळीत पाहिलं. थोडी धूळ, एक वाळलेलं पान. वायर त्या धुळीवरून पुढे जात होती आणि टॉर्चच्या उजेडापलीकडे नाहीशी होत होती. खरं तर पलीकडे जागा नव्हतीच. पलीकडे गाडीचा बाहेरचा पत्रा होता, आणि त्याच्या बाहेर तिच्या शेडची भिंत.

तिने वायर चिमटीत धरून हलकेच ओढली. थोडी आली. मग ताठ झाली.

तिने सोडली नाही, तशीच धरून ठेवली. आणि चिमटीतून वायर सावकाश परत आत गेली, आली होती तेवढीच. कुणीतरी आपली वस्तू भांडण न करता परत घ्यावी तशी.

'आत क्लिप असेल,' यशोधरा मनाशी म्हणाली. 'ताण बसला की मागे घेत असेल.' पण तिने पुन्हा ओढून पाहिली नाही.

३

तिने टेस्ट लॅम्प लावला. साधी गोष्ट: एका वायरीला बांधलेला छोटा बल्ब. सहावी वायर तिने बाकीच्या पाचांपासून तात्पुरती सोडवली; बल्बचं एक टोक बॅटरीला जोडलं, दुसरं त्या वायरीला. दार उघडं असेल तर बल्ब पेटणार, बंद असेल तर विझणार. बल्ब गाडीच्या टपावर ठेवून ती दुसऱ्या कामांना लागली. एका टेम्पोचा हॉर्न, वलवणच्या एका हॉटेलवाल्याच्या गाडीचा वायपर. पण तिचा एक डोळा टपाकडेच.

बल्ब पेटायचा. थोडा वेळ राहायचा, मग विझायचा. घासलेली वायर असती तर बल्ब थरथरला असता, लुकलुकला असता. हा तसा नव्हता. स्वच्छ पेटायचा, स्वच्छ विझायचा. सकाळी क्वचित, दुपारी जास्त. दार उघडून कुणी बाहेर डोकवावं आणि पुन्हा लावून घ्यावं, एवढाच वेळ. एकदा मात्र बराच वेळ पेटून राहिला. तेव्हा यशोधरा टेम्पोखालून सरकत बाहेर आली आणि हातात पाना तसाच धरून तो विझेपर्यंत उभी राहिली. तो विझला तेव्हा तिला चुटपुट लागली, एखाद्याने वाट पाहून कंटाळून निघून जावं तशी.

रविवारी तिने अतुलला बोलावलं. अतुल तळेगावकडच्या एका कारखान्यात देखभाल विभागात होता; मोठमोठ्या पॅनेलांशी त्याची रोजची गाठ.

"मागच्या मालकाने अलार्म लावला असेल," तो म्हणाला.

"टेप बघ. कंपनीची आहे."

"मग दुसऱ्या मॉडेलचं वायरिंग घातलं असेल. जादा दारं असलेल्या."

"सहा दारांची गाडी कुठली, सांग."

अतुलने विचार केला. "ॲम्ब्युलन्स?" तो म्हणाला, आणि मग स्वतःच हसला. "नाही. तिलाही नसतात."

तो वाकून आत शिरला, तिसऱ्या रांगेत गेला, अस्तर काढलेल्या पत्र्यावर तळवा टेकवून ठोकून पाहायला लागला. बाहेर टपावर टेस्ट लॅम्प पेटला. आतल्या अतुलला तो दिसणं शक्य नव्हतं. तरी त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"काय झालं?"

"काही नाही. गार लागलं." तो बाहेर आला आणि तळवा पँटला पुसत राहिला. "डिसेंबर आहे. पत्रा गारच असणार. तू ती वायर कापून टाक, यशो. टेप लाव आणि विषय संपव."

"अरे, पण जाते कुठे ती?"

"तुला काय करायचंय?" अतुल म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण तो गाडीकडे बघत नव्हता.

यशोधराच्या वडिलांनी, भिकाजींनी, घरात कधी अंगारा येऊ दिला नाही की धुपारा. जे आहे ते बघता येतं, मोजता येतं, आणि जे मोजता येत नाही त्याला घाबरायचं नाही, असं शिकून ती मोठी झाली होती. ही वायर तर मोजता येत होती. मीटर लावला की आकडा येत होता. म्हणूनच तिला कळेना, की मोजता येणाऱ्या या गोष्टीचं करायचं काय.

४

पुढच्या डायलिसिसच्या दिवशी परत जाताना व्हॅन गॅरेजपाशी थांबली. राजेश्वरी गाडीची चौकशी करायला उतरली. तिच्या मागून चिमाबाई, काठी टेकत, हाताला पट्टी बांधलेल्या. त्या आल्या त्या सरळ शेडमध्ये, आपल्या गाडीपाशी.

"बसू का वाईच आत?" त्यांनी यशोधराला विचारलं. "व्हॅनमदी लय अवघडल्यागत हुतंय."

"बसा की, मावशी. पण मागचं अस्तर काढलंय मी, मधल्या सीटवर बसा."

चिमाबाई बसल्या. राजेश्वरी संदेशशी फोनवर बोलत अंगणात फेऱ्या मारत होती. यशोधराने म्हातारीला पाणी दिलं, पण त्यांनी हातानेच नको म्हटलं. त्यांना पाणीसुद्धा बेतानेच प्यावं लागायचं.

"ही गाडी बरी हाय," चिमाबाई म्हणाल्या. "हवेशीर. त्या अंगानं वारं येतंय."

"कुठल्या अंगानं?"

"मागनं. ते दार उगडं ऱ्हातं नव्हं."

यशोधराने टपाकडे पाहिलं. टेस्ट लॅम्प विझलेला होता. "आत्ता येतंय वारं?"

"आत्ता न्हाई. आत्ता लावलंय." चिमाबाई अगदी सहज बोलत होत्या, शेजारच्या घराबद्दल बोलावं तसं. "येताना खिंडीत उगडतं. मी दमलेली असती ना, डोळं मिटून पडती. मग वारं येतंय आन् कुनीतरी सरकून घेतंय. मला जागा करत्यात."

"कोण, मावशी?"

"आता काय ठावं. मी बघत न्हाई तिकडं."

"का?"

चिमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. डायलिसिसनंतर त्यांचे डोळे खोल गेले होते, पण त्यात गंमत होती. "अगं, यष्टीत कुनी जागा धरून हाक मारली आन् आपन वळून बघितलं, मंग जाऊन बसावंच लागतंय की. न्हाईतर मानूस म्हनंल, बघून बी आली न्हाई."

राजेश्वरी फोन संपवून आली. "चला, आत्याबाई." आणि यशोधराला: "ताई, कधी मिळेल गाडी? रोज रोज दुसऱ्याची व्हॅन मागायला जीव धजत नाही."

"पुढच्या फेरीला नक्की," यशोधरा म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

५

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिने शटर अर्धं खाली ओढलं. सहावी वायर पुन्हा आतल्या दिव्यांना जोडली, हातात कटर घेऊन गाडीत शिरली आणि तिसऱ्या रांगेत, उजव्या बाजूच्या सीटवर जाऊन बसली. आतून सगळी दारं लावून घेतली. काचा वर होत्या.

पलीकडे, डाव्या अंगाला, उघडा पत्रा. त्यात रबरी बूच. वायर. वर बंद काच, आणि काचेपलीकडे तिच्याच शेडची भिंत, खिळ्याला टांगलेल्या जुन्या पट्ट्यांसकट. कटर उघडून पात्यांमध्ये वायर घ्यायची, दाबायचं. लहान मुलालाही जमेल असं काम. पण एकदा कापली की कळण्याचा मार्ग संपला, आणि तिला कळून घ्यायचं होतं. ती थांबली.

बंद गाडीत स्वतःचा श्वास फार मोठा ऐकू येतो. गिरणी बंद होती. एक्स्प्रेस-वेवरची गाज कुठूनतरी पत्र्यातून झिरपत होती. तिला थोडं हसू आलं. गिऱ्हाइकाच्या गाडीत मी बसलेय, बाहेरून कुणी पाहिलं तर काय म्हणेल.

छतावरचे तिन्ही दिवे पेटले.

वारा तिच्या पोटरीला लागला, खालून, पायऱ्यांवरून यावा तसा. ओल्या गवताचा वास. एक्स्प्रेस-वेची गाज थांबली होती, किंवा दुसऱ्या कशाखाली बुडाली होती. तिथे फार मोठी मोकळी जागा असल्यासारखा आवाज होता, म्हणजे आवाज नव्हताच.

डावीकडे बघायचं, असं तिने ठरवलेलं होतं. त्यासाठीच ती बसली होती. पण मान वळेना. चिमाबाईंचं बोलणं डोक्यात नव्हतं. भीतीही म्हणावी तर पोटात नव्हती. कुणीतरी अतिशय अदबीने तिच्या उत्तराची वाट पाहतंय, आणि मान वळवली की ते उत्तर होईल, एवढंच तिच्या अंगाला कळलं होतं. म्हणून ती उजवीकडे वळली, आपल्या बाजूच्या काचेकडे. दिवे लागले असले की काचेत आतलं दिसतं.

काचेत ती स्वतः होती, कटर धरलेली. तिच्यामागे, डाव्या अंगाला, पत्रा नव्हता. तिथे उजेड होता, ढगाळ दिवसाचा, पाण्यावरून येतो तसा. आणि त्या उजेडाच्या कडेला एक हात. बाहेरून दार धरून ठेवलेला. साधाच हात. जीपमध्ये म्हातारं माणूस चढत असताना कुणी दार धरून उभं राहतं, तसा धरलेला. त्याला घाई नव्हती.

मग तिच्या कानांत दडे बसले. सगळ्या काचा वर असताना शेवटचं दार लागतं तेव्हा हवा कानांवर दाबली जाते, अगदी तशी. आवाज मात्र झाला नाही. दिवे विझले.

यशोधरा बाहेर आली तेव्हा कटर तिच्या हातात नव्हता. गाडीतही सापडला नाही.

६

तिने वायर कापली नाही. आतल्या दिव्यांपासून तेवढी वेगळी केली, आणि लांब तार ओढून पुढे डॅशबोर्डवर, ड्रायव्हरच्या समोर, एका बारीक लाल दिव्याला जोडली. असला दिवा महिनाभर जळला तरी बॅटरीला पत्ता लागत नाही. अस्तर बसवलं, गालिचा अंथरला. लागोपाठ दोन सकाळी गारठ्यात सेल्फ मारून पाहिला. गाडी पहिल्या झटक्यात चालू.

डायलिसिसच्या दिवशी दुपारी राजेश्वरी चिमाबाईंना घेऊन आली. यशोधरा म्हणाली, "मावशींना पुढे बसवा, तुमच्या शेजारी. मी येते बरोबर पवनानगरपर्यंत. वाटेत कशी चालते बघते आणि जीपने परत येते."

"हा लाल दिवा कसला?" राजेश्वरीने विचारलं.

"दाराचा. पेटला तर गाडी थांबवा."

"कुठल्या दाराचा?"

"मागच्या," यशोधरा म्हणाली आणि मधल्या सीटवर बसली.

औंढोलीच्या पुढे रस्ता चढायला लागला. ऊन कलतं होतं, गवत पिवळं पडलेलं, चिमाबाई सीटबेल्टला डोकं टेकून झोपलेल्या. राजेश्वरी गाडी चांगली चालवत होती, वळणांवर हॉर्न देत. दुधिवरे खिंडीच्या तोंडाशी लाल दिवा पेटला.

राजेश्वरीने ब्रेक मारला. गाडी कडेला थांबली. दिवा पेटलेलाच राहिला. मागून वारं आलं. त्याने राजेश्वरीचा पदर हलला आणि तिने वर लावलेल्या काचांकडे एकेक करून पाहिलं.

"ताई," ती अगदी हळू म्हणाली, "मागं कुणी आहे का?"

"बघू नका. आरसा पण बघू नका."

दिवा जळत होता. गाडीचं इंजिन चालू होतं. चिमाबाईंच्या पापण्या हलल्या. त्यांचा पट्टी बांधलेला हात मांडीवरून घसरला आणि सीटच्या मागे, मधल्या जागेत लोंबू लागला. कुणी धरावा असा. यशोधराने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. बर्फासारखा होता.

काहीतरी बोलायला हवं होतं. मंत्र तिला येत नव्हते, आणि आले असते तरी तिने म्हटले नसते. मग जीपमध्ये बसून आयुष्यभर जे ऐकलं होतं तेच तिच्या तोंडून निघालं. मान न वळवता, मोठ्याने:

"दार लावून घ्या. गाडी निघायचीय."

क्षणभर काहीच नाही. मग कानांत दडे बसले. लाल दिवा विझला. वारं थांबलं.

राजेश्वरीने सोडलेला श्वास यशोधराला ऐकू आला. ती स्वतःही हसली, थोडीशी, लाज वाटून. इतकं सोपं होतं.

राजेश्वरीने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी हलली आणि लगेच दबली. तिने जास्त रेस दिली. इंजिन कण्हल्यासारखं झालं.

"ताई," ती म्हणाली, "गाडी जड का लागतेय?"

यशोधराच्या हातात चिमाबाईंचा हात होता. लावून घ्या, असं ती म्हणाली होती. आतून की बाहेरून, हे सांगायचं राहिलं होतं.

७

गाडी खिंड ओलांडून उताराला लागली. मागची सीट एका वळणावर कुरकुरली, पुढच्या वळणावर दुसऱ्या बाजूने कुरकुरली. बसलेलं माणूस तोल सावरतं तशी. खाली पवनेचं पाणी दिसायला लागलं, तुंग किल्ल्याची सावली त्यात उतरलेली. राजेश्वरीने गाडी रेषेत ठेवली.

चिमाबाई जाग्या झाल्या. त्यांनी मागे पाहिलं नाही. सुनेचा चेहरा पाहिला, यशोधराने धरलेला आपला हात पाहिला.

"पुसा की," त्या म्हणाल्या. "कुटं उतरायचंय म्हनावं."

कुणी विचारलं नाही. विचारायची गरजही पडली नाही. पाण्याच्या कडेने रस्ता जातो तिथे, जिथे ना घर ना थांबा, नुसता गवताचा उतार आहे, तिथे लाल दिवा पेटला. कुणी न सांगता राजेश्वरीने ब्रेक लावला.

गाडी उचलली गेली. स्प्रिंगा सैल झाल्या, पुढचं तोंड किंचित खाली आलं, वजन उतरल्यावर येतं तसं. दिवा मात्र विझेना. यशोधराने खिडकीतून बाहेर पाहिलं, समोरच्या गवताकडे, एवढं तिने स्वतःला करू दिलं. पिवळं गवत एका ओळीत वाकत होतं, सावकाश, पाण्याच्या दिशेने. अर्ध्या उतारावर ते वाकणं थांबलं. वळून पाहावं तसं. बराच वेळ थांबलं.

चिमाबाईंनी मान हलवली. नाही म्हणताना हलवतात तशी.

मग गवत पुन्हा वाकायला लागलं, पाण्यापर्यंत. कानांत दडे बसले. दिवा विझला.

"काय म्हणत होतं ते, मावशी?" यशोधराच्या तोंडून निघून गेलं. तिला विचारायचं नव्हतं. पण न विचारता ती यशोधरा राहिली नसती.

"येती का म्हनली. म्हनलं, आज न्हाई." चिमाबाई खिडकीला डोकं टेकून बसल्या. "लय लांबनं आल्यागत वाटत व्हती बिचारी."

राजेश्वरीने गाडी लगेच सुरू केली नाही. पाण्यावर एक बगळा उतरला, उडाला. तिने डोळे पुसले, पदर नीट केला, आणि सासूला ऐकू जाऊ नये एवढ्या आवाजात विचारलं:

"ताई, ती वायर कापता येईल का?"

"येईल. आत्ता कापते म्हटलं तरी."

"मग दार उघडायचं नाही?"

यशोधराला खोटं बोलता आलं असतं. समोरची बाई गेले काही महिने चांगली झोपली नव्हती, आणि पुढेही आठवड्यातून दोनदा तिला हाच रस्ता होता.

"दार उघडेल," ती म्हणाली. "आपल्याला कळायचं नाही, एवढंच."

राजेश्वरी त्या विझलेल्या लाल दिव्याकडे बघत राहिली. मग तिने हात लांब करून सासूचा सीटबेल्ट ओढून पाहिला, नीट लागलाय ना म्हणून. पुन्हा एकदा ओढून पाहिला.

"मग राहू द्या," ती म्हणाली, आणि गिअर टाकला.